चौदा लाल आकडे

इस्क्रा कोल्चेवाने वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा दप्तर उचललं, तेव्हा ब्रेस्तोवो गावात त्यावर दोन मतं पडली. पहिलं मत असं, की बाईला उद्योग कमी पडतायत. दुसरं मत तिच्या आईचं होतं आणि ते पहिल्यापेक्षा फारसं वेगळं नव्हतं.

"वीस वर्षं झाली तुला इंजिनियर होऊन," पेना म्हणाली. "आता आणखी काय व्हायचंय? डबल इंजिनियर?"

"डबल नाही गं आई. विजेचं पुढचं शिक्षण, आणि जोडीला धंदा कसा चालवायचा, माणसं कशी सांभाळायची, ते. दोन्ही मिळून एक पदवी."

"माणसं सांभाळायचं शिकायला फी भरणार? चार वर्षांची होतीस तेव्हापासून सगळ्या आळीला कामाला लावतेस तू."

बाप दोब्री कोल्चेव बोलण्याच्या बाबतीत मुळातच कंजूष. वीज कंपनीत वायरमन म्हणून खांबांवर चढला आणि वायरमन म्हणूनच निवृत्त झाला. मुलीचं नाव इस्क्रा, म्हणजे ठिणगी ठेवलं, एवढीच त्याने आयुष्यात केलेली हौस. गावात त्याला 'मिरची-दोब्री' म्हणत. का म्हणत, ते इस्क्राने कधी विचारलं नव्हतं. तिची लहानपणापासूनची समजूत अशी, की बाबांना मिरच्या आवडतात म्हणून. आता मिरच्या आमच्याकडे आवडत नाहीत तरी कोणाला, हा साधा प्रश्न काही तिला पडला नाही.

पदवीमागे सरळ कारण होतं. कंपनीच्या नियोजन विभागाची ती तीन वर्षं प्रभारी प्रमुख होती. प्रभारी म्हणजे काम सगळं, खुर्ची दुसऱ्याची. नवा नियम आला होता, की विभागप्रमुखाकडे ही जोडपदवी हवीच. जिल्ह्याचे संचालक कांतार्जिएव यांनी तिला बोलावून स्वच्छ सांगितलं, "इंजिनियर कोल्चेवा, दोन वर्षांत कागद आणा, खुर्ची तुमची. नाही आणलात तर सोफियाहून कोणीतरी पोरगा येईल आणि त्याला ब्रेस्तोवो नकाशावर शोधून द्यायचं काम तुम्हालाच करावं लागेल."

तर ती गेली. दोन वर्षं दर शनिवार-रविवार सकाळी सहाची बस, डोंगर ओलांडून विद्यापीठ. वर्गातली बाकीची मुलं चोविशी-पंचविशीची. पहिल्या दिवशी तिच्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या शिक्षकाने विचारलं, "मागच्या बाकावरच्या कोलेगा, फळा दिसतोय ना?" आमच्या विद्यापीठांत शिक्षक विद्यार्थ्यांना कोलेगा म्हणतात, म्हणजे आपल्याच कामातला, आपल्या बरोबरीचा. बाकीच्या पोरांना त्याचं काही वाटत नसे. इस्क्रा मात्र त्या दिवशी घरी आली ती दोन इंच उंच होऊन.

सकाळी तारांमधले बिघाड आणि त्यांची गणितं, दुपारी गुंतवणूक, खर्च, मागणीचा अंदाज. पहिल्या परीक्षेत ती वर्गात तिसरी आली आणि ही बातमी तिने आईला इतक्या सहज सुरात सांगितली, की आईला लगेच कळलं, पोरगी दिवसभर हे वाक्य घोकत होती.

प्रबंधासाठी तिने आपलीच वस्ती घेतली. धरणाकडची वस्ती, आठ इमारती आणि त्यांच्यामागची घरं, मिळून चारशेच्या आसपास चुली. सगळ्यांना वीज एका विटांच्या खोलीतून येते. त्या खोलीत त्र्याऐंशी सालापासून सहाशे तीस केव्हीए क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणत बसला आहे. तीन वर्षांपूर्वी वस्तीत गॅस आला, हिवाळ्यात विजेच्या शेगड्या बंद झाल्या आणि मागणी घसरली. इस्क्राने वर्षभराचे तासातासाचे आकडे घेतले. कडाक्याच्या थंडीतही मागणी तीनशे दहाच्या वर गेली नव्हती. म्हणजे चारशेचा ट्रान्सफॉर्मर पुरेसा. मोठा काढा, गावाबाहेर नवं शीतगृह येतंय तिथे न्या, इथे छोटा बसवा. पान एक्केचाळीसवर हा निष्कर्ष होता, आणि तो वाचून कांतार्जिएव साहेब इतके खूश झाले, की प्रबंध तपासून व्हायच्या आधीच त्यांनी सोफियाला, मुख्य कचेरीला कळवून टाकलं. सहा ऑक्टोबरला अदलाबदल. प्रबंधाची तोंडी परीक्षा सत्तावीस सप्टेंबरला. समितीत बाहेरचे परीक्षक म्हणून खुद्द कांतार्जिएव.

सगळं कसं जागच्या जागी बसलं होतं.

परीक्षेच्या दोन आठवडे आधीच्या शनिवारी इस्क्रा घरी होती. वर्ग संपले होते, प्रबंध छापून, बांधून गेला होता. दोन वर्षांत पहिल्यांदाच सप्टेंबरातल्या शनिवारी तिला आईबापाच्या गॅलरीत बसायला मिळत होतं. खाली अंगणात तळहाताएवढ्या लाल मिरच्यांच्या चार गोण्या, भाजून, सोलून वर्षभराच्या बरण्या भरायला. गॅलरीत चुशकोपेक, म्हणजे आमची ती मिरच्या भाजायची विजेची भट्टी: बादलीएवढी, आत मातीचा नळा, त्याभोवती लालबुंद तार. दोब्री एकेक मिरची देठाला धरून आत सोडत होता, कातडं काळं पडलं की बाहेर काढून झाकणाच्या भांड्यात टाकत होता. पेना आणि इस्क्रा सोलत होत्या. समोरच्या गॅलरीत तेच चाललं होतं, खालच्या मजल्यावर तेच, पलीकडच्या इमारतीत तेच. सगळ्या वस्तीवर भाजल्या मिरच्यांचा वास बसला होता.

"गेल्या वर्षी तू नव्हतीस," पेना म्हणाली. "साठ किलो मी एकटीने सोलल्या. नखं नोव्हेंबरात साफ झाली."

"बरण्या मात्र मी सगळ्या नेल्या ना?"

"त्या नेल्यास. नेण्यात तू कधी मागे नसतेस."

दोब्रीने भट्टीतून डोकं वर न काढता विचारलं, "मग? माझा सहाशे तीस काढताय म्हणे."

मित्को वायरमनने सांगितलं असणार. इस्क्राने आकडे समजावले. बापाने ऐकून घेतले. मग म्हणाला, "सगळे आकडे धरलेस?"

"आठ हजार सातशे साठ तास, बाबा. चौदा सोडले. मीटर नवा होता, मधेच भलतेच आकडे दाखवले. संगणकाने लाल रंगवून दिले होते. असे आकडे काढून टाकायचे असतात, नाहीतर सगळा हिशोब बिघडतो. शिकवलंय आम्हाला."

"भलतेच म्हणजे?"

"पाचशे वीस. पाचशे चाळीस."

"कधीचे?"

ते काही तिच्या लक्षात नव्हतं. तिने हात पुसले, फोनवर पान उघडलं आणि वाचायला लागली. "गेल्या वर्षीचा चौदा सप्टेंबर, शनिवार, सकाळी दहा. अकरा. बारा. एक. पंधरा सप्टेंबर, रविवार, दहा. अकरा. बारा..."

पुढचे तिने वाचले नाहीत. तिने समोरच्या गॅलरीकडे पाहिलं, खाली पाहिलं, पलीकडे पाहिलं. मग बापाकडे पाहिलं. दोब्रीने एक मिरची उचलली आणि अगदी सावकाश भट्टीत सोडली.

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

इस्क्राला कोणी तोंडात मारल्यासारखं झालं. जन्मापासून या वासात वाढलेली पोरगी. पण ज्या शनिवार-रविवारी सगळी वस्ती मिरच्या भाजत होती, त्याच शनिवार-रविवारी ती डोंगरापलीकडे वर्गात बसून मागणीचा अंदाज कसा करावा ते शिकत होती. हसावं की रडावं?

"बाबा, तुम्हाला माहीत होतं."

"त्र्याऐंशीपासून," दोब्री म्हणाला.

आणि मग त्या कंजूष माणसाने एका दमात एवढं बोलून टाकलं, की पेनाने हातातली मिरची खाली ठेवली. त्र्याऐंशी साली तो वायरमन नव्हता, वस्तीच्या जोडणीचा प्रमुख तंत्रज्ञ होता, बत्तीस वर्षांचा. नियमाप्रमाणे चारशेचा ट्रान्सफॉर्मर यायचा होता. त्याने सहाशे तीस मागवला आणि कागदावर कारण लिहिलं: मिरच्या. जिल्ह्याच्या साहेबाने तो कागद भर सभेत मोठ्याने वाचला. "कॉम्रेड कोल्चेव मिरच्या मोजून ट्रान्सफॉर्मर निवडतात! उद्या काकड्या मोजून खांब निवडतील." सभागृह खदखदून हसलं. विनाकारण मोठी सामग्री मागवली म्हणून लेखी ताकीद मिळाली, पद गेलं, हातात पुन्हा पक्कड आली. ट्रान्सफॉर्मर तेवढा राहिला, कारण तोवर बसवून झाला होता.

"म्हणून मिरची-दोब्री," इस्क्रा म्हणाली.

"मग तुला काय वाटलं, मी जास्त खातो म्हणून?"

तिला तसंच वाटलं होतं. तिने मान खाली घातली आणि सोलायला लागली, कारण डोळ्यांना हात लावायची सोय नव्हती.

"शब्द नव्हता माझ्याकडे," दोब्री म्हणाला. "बरोबर होतो मी. पण साहेबांच्या तोंडाला रुचेल असा शब्द नव्हता."

सोमवारी तिने आपल्या मार्गदर्शक तेर्झिस्का बाईंना फोन केला. बाई हुशार, मायाळू आणि अतिशय व्यवहारी.

"कोलेगा, नीट ऐका," बाई म्हणाल्या. "प्रबंध समितीच्या हातात आहे. त्यावर तुमच्याच संचालकांनी पुढचे निर्णय घेतलेत आणि तेच समोर बसणार आहेत. स्वतःच्या तोंडाने चूक सांगाल तर नापास होऊ शकता. पुढची संधी मार्चमध्ये, आणि तोवर तुमची खुर्ची थांबेल?"

"नाही थांबणार."

"मग परीक्षा द्या, सहा पैकी सहा घ्या, खुर्चीत बसा आणि मग हळूच दुरुस्त करा. जग असंच चालतं."

"सहा ऑक्टोबरला मोठा ट्रान्सफॉर्मर निघून जाईल, मॅडम."

"मग निदान मिरच्या म्हणू नका. 'हंगामी घरगुती उष्णताभार' म्हणा. ऐकायला बरं वाटतं."

शब्द खरंच चांगला होता. दोब्रीला बेचाळीस वर्षांपूर्वी हवा होता तो हाच. इस्क्राने तो वहीत लिहून घेतला.

त्या आठवड्यात तिने दोन कामं केली. शनिवारी, वीस तारखेला, मित्कोला घेऊन ती विटांच्या खोलीत गेली. ट्रान्सफॉर्मरवर दुसरा, खात्रीचा मीटर लावला आणि सकाळी आठपासून दोनपर्यंत तिथून हलली नाही. मित्को चेष्टा करत होता. "मॅडम, एवढं शिकून शेवटी खोलीत बसून आकडेच मोजायचे, तर मी काय वाईट होतो?" साडेदहाला काटा पाचशेवर गेला तसा तो मीटरजवळ सरकला. अकरा वाजता पाचशे अठ्ठेचाळीस. "आईशप्पथ," तो म्हणाला. "इथे चारशेचा असता तर आत्ता माझ्याच नावाने शिमगा चालू असता."

दुसरं काम तिने रविवारी केलं, डोकं शांत ठेवून. ट्रान्सफॉर्मर हलवू नका, एवढंच सांगायचं असतं तर पदवीची गरज नव्हती. ते बाबांनीही सांगितलं होतं. शीतगृहाला सहाशे तीस लागणार होताच. तो आणायचा कुठून? तिने सगळ्या जिल्ह्याच्या याद्या काढल्या, दुसऱ्या विभागांच्याही, ज्या आजवर कोणी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्याच नव्हत्या. संध्याकाळी पाचला तिला हवी ती ओळ सापडली. तेव्हा ती एकटीच टेबलावर थाप मारून हसली.

सत्तावीस तारखेला सकाळी सहाच्या बसला दोब्री तिच्याआधी येऊन उभा होता. अंगात लग्नाचा कोट, दाढी घोटून केलेली.

"तुम्ही कुठे?"

"तिकडेच. म्हाताऱ्यांना बस फुकट आहे."

"बाबा, कदाचित नापास होईन मी आज."

"मग येताना सोबत होईल."

 डोंगरातल्या वळणावळणांनी बस चढली आणि उतरली.

तोंडी परीक्षा आमच्याकडे उघड्या दाराने होते, कोणीही येऊन बसावं. मागच्या रांगेत दोन-चार विद्यार्थी होते आणि त्यांच्या शेजारी गुडघ्यावर टोपी ठेवून दोब्री. तो विद्यापीठात पहिल्यांदाच आला होता. आल्या आल्या त्याने भिंतीवरचं फ्यूजचं खोकं मात्र पाहून घेतलं. समोर समिती. मधोमध अध्यक्ष, प्राध्यापक बालाबानोव, सत्तरीचे, भुवया जाड. उजवीकडे तेर्झिस्का बाई, डावीकडे कांतार्जिएव. आणखी दोघे होते, ते शेवटपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत.

"सुरू करा, कोलेगा," बालाबानोव म्हणाले.

इस्क्रा उभी राहिली. आवाज खणखणीत निघाला.

"सर, आधी एक सांगते. तुमच्यापुढे माझा जो प्रबंध आहे, त्याचं एक्केचाळिसावं पान चुकीचं आहे. चूक मीटरची नाही, संगणकाचीही नाही. माझी आहे."

तेर्झिस्का बाईंनी डोळे मिटून घेतले. कांतार्जिएवनी पेन खाली ठेवलं.

तिने पडद्यावर ते चौदा लाल आकडे दाखवले. त्यांच्याशेजारी गेल्या शनिवारचे स्वतः मोजलेले. दोन वर्षं, दोन वेगळे मीटर, तोच महिना, तोच वार, तेच तास.

"मी हे आकडे बिघाड म्हणून काढून टाकले. ते बिघाड नव्हते. वर्षभरात वस्तीला सगळ्यात जास्त वीज लागते, ते हेच तास आहेत. चारशेचा ट्रान्सफॉर्मर बसवला तर पुढच्या सप्टेंबरात तो जळेल."

"आणि या मागणीचं कारण?" बालाबानोवनी विचारलं.

वहीत तो गुळगुळीत शब्द तयार होता. हंगामी घरगुती उष्णताभार. तेर्झिस्का बाई तिच्याकडे टक लावून पाहत होत्या, जणू तो तिच्या तोंडून ओढून काढणार होत्या. इस्क्राने मागच्या रांगेकडे पाहिलं. दोब्री टोपीकडे बघत होता. त्याने एकदा साधा, खरा शब्द कागदावर लिहिला होता आणि सगळं सभागृह हसलं होतं. तो आज खोटा ठरला नव्हता, मग तिने तो का बदलावा?

"मिरच्या, सर," ती म्हणाली.

मागे एक पोरगं फिसकन हसलं. दोब्रीची मान आणखी खाली गेली.

"इंजिनियर कोल्चेवा," कांतार्जिएव म्हणाले, "मी सोफियाला कळवून बसलोय. आता मी तिथे काय लिहू? मिरच्या?" आणि तावातावाने त्यांनी प्रबंध पुढे ओढून पान एक्केचाळीस उघडलं.

पानावर त्यांचा हात पडला आणि इस्क्राला त्यांची नखं दिसली. दहाच्या दहा नारिंगी, कडेला जळक्या सालीची काळी रेघ. दोन दिवस घासूनही जात नाही ती. तिने अध्यक्षांच्या हातांकडे पाहिलं. अंगठा केशरी. तेर्झिस्का बाईंनी नखांना रंग लावला होता, पण बोटांची टोकं काही लपत नव्हती.

"साहेब, राग मानू नका," ती म्हणाली, "पण काल तुमच्या घरी किती किलो झाल्या?"

कांतार्जिएवनी आपल्या बोटांकडे पाहिलं. 

"तीस," ते शेवटी म्हणाले. "सासूबाई आल्यात."

हशा उसळला तो आधी त्या गप्प बसलेल्या दोघांचा. बालाबानोव भुवया हलवत हसत होते. "आमच्या जिन्यातला फ्यूज काल दोनदा उडाला," ते म्हणाले. "मी वीज कंपनीला फोन करून शिव्या दिल्या."

"त्या मीच ऐकल्या," कांतार्जिएव पुटपुटले.

हसणं ओसरल्यावर इस्क्राने पुढचं मांडलं, आणि इथे तिची दोन वर्षं कामी आली. जळालेला ट्रान्सफॉर्मर बदलायला किती दिवस लागतील, तेवढ्या वेळात चारशे घरांतल्या अर्ध्याकच्च्या बरण्यांचं काय होईल, लोक कंपनीला काय म्हणतील, सगळं तिने नेमक्या आकड्यांत ठेवलं. मग शेवटचं चित्र लावलं. गावातली जुनी विणकाम गिरणी. आठ वर्षं बंद. तिच्या आवारात कंपनीच्याच मालकीचा सहाशे तीसचा ट्रान्सफॉर्मर एका पहारेकऱ्याचा दिवा लावत उभा.

"शीतगृहाला हा न्या, साहेब. वस्तीतल्याला हात लावायला नको. तारीखही बदलायला नको, सहा ऑक्टोबरच ठेवा."

कांतार्जिएव पुढे वाकले. "हा आपल्या यादीत नाही."

"उद्योग विभागाच्या यादीत आहे. दोन्ही याद्या एका टेबलावर कधी आल्याच नाहीत."

संचालकांनी पेन पुन्हा उचललं. "सोमवारी मला पत्र करून आणा," ते म्हणाले. "कारणाच्या जागी काय लिहायचं ते तुम्हीच लिहा. सहीही तुमचीच हवी, आणि हुद्द्याच्या आधी 'प्रभारी' नको."

बालाबानोवनी मान आडवी हलवली, म्हणजे पसंतीची; आमच्याकडे होकाराला मान आडवीच हलते. पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. त्यांनी पानं चाळली. "एक कळत नाही. त्र्याऐंशी साली नियम चारशेचा होता. मीटर नाही, संगणक नाही. मग सहाशे तीस मागवला कोणी? आणि त्याला कळलं कसं?"

"तो माणूस मागे बसलाय, सर," इस्क्रा म्हणाली.  "माझे वडील आहेत ते. दोब्री कोल्चेव."

सगळ्या माना वळल्या. दोब्री उठला. टोपी दोन्ही हातांत धरून उभा राहिला, ताकीद घ्यायला उभा राहिला असेल तसाच.

बालाबानोव जागचे उठले. "कोलेगा कोल्चेव," ते म्हणाले, "कसं मोजलंत, आम्हाला सांगाल?"

दोब्रीने एकदा मागे वळून पाहिलं, आपल्या मागे आणखी कोणी कोल्चेव आहे का ते. मागे भिंत होती.

"चालत," तो म्हणाला. "शनिवारी सकाळी वस्तीत फिरलो. वास आला, की वर बघायचं, गॅलरी मोजायची. एकशे अठरा भट्ट्या झाल्या. मग घरी येऊन बायकोला विचारलं, ज्यांच्याकडे नाही त्यांतल्या किती जणी घेतील."

"काय म्हणाल्या त्या?"

"सगळ्या."

या वेळीही खोली हसली, पण दोब्रीने मान खाली घातली नाही. तोही हसला.

"यालाच आम्ही मागणीचा अंदाज म्हणतो आणि सबंध सहा महिने शिकवतो," बालाबानोव म्हणाले. खाली बसून त्यांनी आपल्या वहीत लिहून घेतलं: चालत, एकशे अठरा, बायकोला विचारलं. दोब्री ते लिहून होईपर्यंत उभा राहिला. बेचाळीस वर्षं थांबलेल्या माणसाला ते अर्धं मिनिट काहीच नव्हतं.

समितीने इस्क्राला साडेपाच दिले. अर्धा गुण पान एक्केचाळीसचा कापला आणि तो कापायलाच हवा होता, असं तीच सगळ्यांना सांगते. पदवीच्या कागदावरचं ते साडेपाच ती आजही बोटाने दाखवते, ज्यांना सहा मिळाले त्यांच्यापेक्षा जास्त ऐटीत.

बापलेक परतीच्या बसने निघाले. गाव आलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. धरणाकडच्या वस्तीत शिरताच तो वास आला. विटांच्या खोलीपाशी दोब्री थांबला, दाराला कान लावून आतली गुणगुण ऐकली आणि चालायला लागला.

पेना गॅलरीत भट्टीशी बसली होती. कोपरापर्यंत हात लाल. दोघांना खालून येताना पाहून ती कठड्यावरून वाकली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "अगं, पास झालीस का? किती मिळाले?"

इस्क्राने तोंड उघडलं, पण त्याआधीच बापाने टोपी काढून वर बघत उत्तर दिलं, तेही सगळ्या आळीला ऐकू जाईल असंच.

"सहाशे तीस!"